मोटारीची टायमिंग चेन व तिच्या दुरुस्तीचा खर्च

बागाईतदाराच्या अंगणांत लहान मालमोटार उभी असणें ही गोष्ट आतां आपल्या भागांत नवलाची राहिलेली नाहीं. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगांवचा बाजार गांठावा आणि परततांना खताचीं पोतीं आणावीं, असा कित्येक कुटुंबांचा नित्यक्रम झाला आहे. बैलाच्या खुरांत खडा रुतला तर धन्यास तो चार पावलांत कळतो. मोटारीच्या पोटांत काय झिजत आहे तें कळण्यास मात्र तो सर्वस्वीं मिस्त्रीवर अवलंबून असतो. अशी मोटार ऐन तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर बंद पडली आणि मिस्त्रीनें ‘टायमिंग चेन गेली’ असें सांगितलें, म्हणजे घरांत सुतक आल्यासारखें होतें. इंजिन उघडण्याचा खर्च कधीं कधीं पाऊण लाखाच्या पुढें जातो, आणि माल भाड्याच्या गाडीनें पाठवावा लागतो तो खर्च वेगळाच. हा सर्व भार प्रत्येक वेळीं मालकानेंच सोसला पाहिजे असें नाहीं. तो कारखानदाराकडून मिळणें न मिळणें हें बऱ्याच अंशीं साखळी तुटण्यापूर्वीं जपलेल्या कागदांवर ठरतें, हें शेतकरी बंधूंच्या ध्यानांत यावें म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ही साखळी म्हणजे काय तें पाहूं. इंजिनांत खालीं क्रँकचा दांडा असतो. पिस्टनच्या वरखालीं होण्यानें तो फिरतो. वरच्या बाजूस कॅमचा दांडा असतो. तो हवा आंत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह योग्य क्षणीं उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमचा बरोबर एक फेरा झाला पाहिजे. हा मेळ राखणारी पोलादी साखळी ती टायमिंग चेन. ट्रॅक्टरमध्यें हें काम बहुधा दांतेरी चाकें करतात, म्हणून ट्रॅक्टरवर हात बसलेल्या माणसास या साखळीची ओळख नसते. कांहीं मोटारींत साखळीऐवजीं रबरी पट्टा असतो. तो ठराविक किलोमीटरनंतर बदलावयाचाच असतो. साखळी मात्र इंजिनाच्या आयुष्यभर टिकावी अशा हेतूनें घातलेली असते.

साखळी सैल पडूं नये म्हणून तिला एका बाजूनें रेटून धरणारा टेन्शनर असतो, आणि ती ज्यांवरून सरकते त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. पुष्कळ इंजिनांत हा टेन्शनर इंजिनाच्याच ऑइलच्या दाबानें काम करतो. सर्व मर्म येथेंच आहे. ऑइल कमी झालें, काळें पडून घट्ट झालें, किंवा कारखान्यानें सांगितलेल्या प्रतीचें न घालतां मिळेल तें घातलें, म्हणजे टेन्शनरचा रेटा कमी पडतो आणि साखळीच्या सांध्यांतील पिना घासूं लागतात. लोक म्हणतात, साखळी ताणली. वस्तुतः पोलाद ताणलें जात नाहीं. प्रत्येक सांधा केसभर झिजतो, आणि त्या सर्व झिजींची बेरीज होऊन साखळी लांबते. तथापि सर्वच दोष ऑइलचा नसतो. टेन्शनरची घडणच सदोष असली तर वेळच्या वेळीं ऑइल बदलणाऱ्याचीही साखळी दांत्यांवरून उडी मारते. दोष मालकाच्या हयगयीचा कीं कारखान्याच्या घडणीचा, हाच पुढें वादाचा विषय होतो.

साखळी बहुधा सूचना दिल्यावांचून तुटत नाहीं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं चालू करतांना पहिले दोन-चार क्षण डब्यांत खिळे हलविल्यासारखा खडखडाट होतो, आणि ऑइल वर चढल्यावर तो थांबतो. थांबतो म्हणूनच मालक निश्चिंत राहतो. पुढें गाडी चढणीला दम टाकूं लागते, चालू होण्यास वेळ घेते, आणि समोरच्या तबकडींत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तपासणीचें यंत्र लावल्यावर ‘पी ००१६’ हा संकेतांक निघाला तर क्रँक व कॅम यांचा मेळ चुकल्याची ती खूण होय. सेन्सरचा किंवा तारेचा दोषही त्यास कारण असूं शकतो. म्हणून नुसत्या अंकावरून कोणास इंजिन उघडूं देऊं नये.

खडखडाट होत असलेली गाडी चालतां चालतां एकाएकीं बंद पडली, तर पुन्हां पुन्हां चावी फिरवूं नये, आणि धक्का मारून तर मुळींच चालू करूं नये. साखळी सुटलेली असतांना पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो व व्हॉल्व्ह वाकतात. बऱ्याच इंजिनांची घडण अशीच आहे. जो खर्च साखळी, टेन्शनर व पट्ट्या एवढ्यांवर भागला असता तो अशा एका धक्क्यानें हेड उतरविण्यापर्यंत जातो. गाडी टोचन करून न्यावी.

तेथें पोंचल्यावर पहिलें काम कागदाचें. किलोमीटरच्या आंकड्याचें छायाचित्र मोबाईलवर घ्यावें. जॉब कार्डावर बहुधा ‘इंजिन काम’ एवढेंच लिहिलें जातें. तेथें आपली तक्रार पूर्ण लिहवून घ्यावी. अमुक दिवसांपासून सकाळीं खडखडाट होत होता, अमुक तारखेस अमुक ठिकाणीं गाडी बंद पडली, पुन्हां चालू करण्याचा यत्न केलेला नाहीं, असें. इंजिन आपल्यासमक्ष उघडावें अशी लेखी मागणी करावी, व उघडल्यावर साखळी, टेन्शनर आणि आंतील ऑइलचा रंग यांचीं छायाचित्रें घ्यावीं. महसूल खात्यांत उभी हयात कारकुनी केलेल्या माणसास एवढें निश्चित कळतें कीं, पहिल्या कागदावर जें आलें नाहीं तें वरच्या कचेरींत कोणी ऐकून घेत नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर नोंद नसली तर कसणाऱ्याच्या घामास कोण पुसतो?

आतां खर्चाचा प्रश्न. पुष्कळांची समजूत असते कीं विमा आहे म्हणजे झालें. मोटारीच्या सामान्य विम्यांत यंत्राची झीज व यांत्रिक बिघाड हे स्पष्टपणें वगळलेले असतात. जादा हप्ता देऊन इंजिनाचें जें संरक्षण घेतलें जातें तें बहुधा पाणी शिरणें, किंवा खालून आघात होऊन ऑइल गळणें, अशा प्रसंगांपुरतें असतें. म्हणून साखळीच्या खर्चासाठीं खरा आधार कारखानदाराच्या हमीचाच. हमीपत्र घडणींतील व मालांतील दोष झांकतें. झीज व हयगय झांकत नाहीं. टायमिंग चेन ही ब्रेकच्या लायनरसारखी झिजाऊ वस्तु म्हणून बहुधा वगळलेली नसते. तरी प्रत्येकानें आपल्या पुस्तिकेंतील यादी वाचून पहावी.

आमच्या तालुक्यांतील एका टोमॅटो पिकविणाऱ्या गृहस्थांची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांच्या गाडीची हमी ३ वर्षें किंवा १ लाख किलोमीटर, यांपैकीं जें आधीं येईल तोंपर्यंत होती. गाडी २ वर्षें ४ महिने झालीं असतां, ७१ हजार किलोमीटरवर बंद पडली. दुरुस्तीचा अंदाज ८४ हजार रुपयांचा निघाला. ऑइल सात वेळां बदललें होतें. पांच वेळां कारखान्याच्या अधिकृत ठिकाणीं, आणि हंगामाच्या गर्दींत दोन वेळां गांवच्या गॅरेजमध्यें. या दोन वेळांवर बोट ठेवून ‘हमी रद्द’ असें तोंडी उत्तर मिळालें. सुदैवानें गांवच्या मिस्त्रीनें दोन्हीं बिलांवर तारीख, किलोमीटर व ऑइलची प्रत लिहिली होती. नकार लेखी द्यावा असा अर्ज मीं त्यांस लिहून दिला, आणि सातही पावत्यांच्या नकला जोडून दुसरा अर्ज थेट कारखानदाराकडे पाठविला. तीन आठवड्यांनीं कारखान्याचा तपासनीस आला. ऑइलचे मार्ग स्वच्छ निघाले व टेन्शनर अडकलेला आढळला. सुटे भाग व मजुरी कारखानदारानें दिली. ऑइल, फिल्टर व टोचनाचा खर्च मालकानें. मध्यंतरीं भाड्याच्या गाडीवर गेलेले पैसे मात्र बुडाले. ते मागण्यास जागा होती, पण हंगाम सोडून तारखा कोण करणार, असें म्हणून त्यांनीं तो नाद सोडला.

त्याच गांवांतील दुसऱ्या एका शेतकऱ्यानें ऑइल नेहमीं स्वतः घरीं बदललें. कदाचित् अधिक काळजीनें. पण डब्यांचीं बिलें ठेवलीं नव्हतीं. त्याचें म्हणणें कोणी मानलें नाहीं, आणि गाभण कालवड विकून इंजिन करावें लागलें.

बाहेर ऑइल बदलल्यानें हमी आपोआप संपते काय? भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार कंपन्यांच्या प्रकरणांत असें म्हटलें कीं, बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केलें एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालूं नये; त्या कामानें जेवढें नुकसान झालें असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारतां येईल. या निर्णयावर पुढें अपिलें झालीं, म्हणून त्यास रामबाण समजूं नये. तरी अर्जांत त्याचा उल्लेख असावा. तोंडी नकार देणारा मनुष्य लेखी देतांना विचार करतो.

या बाबतींत अमेरिकेंतील एक प्रकरण बोधप्रद आहे. तेथें फोक्सवॅगन व ऑडी यांच्या कांहीं मोटारींच्या टेन्शनरविषयीं मालकांनीं एकत्र येऊन न्यू जर्सी येथील संघ न्यायालयांत दावा केला, आणि २०१८ सालीं तडजोड मंजूर झाली. त्यान्वयें त्या भागांची हमी १० वर्षें किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढली, आणि पूर्वीं पदरमोड करून दुरुस्ती केलेल्यांस परतफेड मागतां आली. पण परतफेडीस अट होती ती ऑइल वेळेवर बदलल्याच्या पुराव्याची! सातासमुद्रांपलीकडेही पावतीवांचून पैसा हलला नाहीं.

कारखानदार ऐकत नसेल तर प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथील नोंद फुकट होते व बऱ्याच कंपन्या तिची दखल घेतात. त्यानेंही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणें तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्यांत करतां येते. कंपनीच्या गांवीं जाण्याचें कारण नाहीं. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षें. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. ५ ते १० लाखांपर्यंत ती २०० रुपये आहे. ‘मालमोटार म्हणजे व्यापारी वापर, सबब तुम्ही ग्राहकच नव्हे,’ असा आक्षेप येथें हटकून येतो. कायद्यानेंच त्याचें उत्तर दिलें आहे: स्वतःच्या कष्टानें केवळ चरितार्थासाठीं वापरलेली वस्तु व्यापारी वापरांत धरली जात नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही १९९५ सालीं, स्वतः चालविण्यासाठीं घेतलेल्या मालमोटारीचा मालक ग्राहकच होय, असें उदाहरण देऊन सांगितलें. म्हणून अर्जांत हें वाक्य आरंभींच घालावें.

मागणी मात्र बेताची असावी. साखळी तुटली म्हणून नवी गाडीच द्या, असें मागणारे पुष्कळ भेटतात. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं मारुती उद्योगच्या एका प्रकरणांत स्पष्ट केलें आहे कीं, हमी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून मागतां येत नाहीं. कारखानदारास पाठवावयाचा अर्ज पुढीलप्रमाणें लिहिल्यास चालेल:

‘मी शेतकरी असून माझा शेतमाल वाहण्यासाठीं व त्यावर चरितार्थ चालविण्यासाठीं अमुक क्रमांकाची गाडी अमुक तारखेस घेतली. ती अमुक तारखेस, अमुक किलोमीटरवर, हमीच्या मुदतींत टायमिंग चेनच्या बिघाडानें बंद पडली. ऑइल बदलल्याच्या पावत्यांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. आपल्या अधिकृत ठिकाणीं हमी नाकारण्यांत आली. त्याचें लेखी कारण द्यावें, आपल्या तपासनिसाकडून माझ्यासमक्ष तपासणी करवावी, आणि दुरुस्ती हमींत करून द्यावी. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाणें भाग पडेल.’

हा अर्ज स्पीड पोस्टानें पाठवून पावती जपावी, आणि तोच ई-मेलनेंही पाठवावा. अस्सल पावत्या कोणाच्याही हातीं देऊं नयेत, नकलाच द्याव्यात. उष्णतेनें छापलेलीं गुळगुळीत बिलें वर्षभरांत पांढरीं पडतात, म्हणून तीं मिळतील त्याच दिवशीं त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी.

आयोगानें ३ महिन्यांत, व तज्ज्ञाकडून तपासणी लागल्यास ५ महिन्यांत निकाल द्यावा असें कायदा सांगतो. प्रत्यक्षांत अधिक काळ जातो. तोंपर्यंत गाडी उभी ठेवणें शेतकऱ्यास परवडणारें नाहीं. स्वखर्चानें ती दुरुस्त करून घ्यावी, मात्र तसें करीत असल्याचें व खर्चावरील हक्क सोडला नसल्याचें कारखानदारास आधीं लेखी कळवावें. काढलेली साखळी, टेन्शनर, पट्ट्या व वाकलेले व्हॉल्व्ह पोत्यांत बांधून घरीं आणावेत, आणि आंतील ऑइल एका स्वच्छ बाटलींत भरून तारखेची चिठ्ठी लावून ठेवावें. तज्ज्ञास दाखविण्यास तेंच लागतें.