ॲप हँग का होतं, आणि ‘पे’चं बटण दोनदा का दाबू नये?

फोटोवर फिल्टर लावला आणि स्क्रीन थिजली. कुठेही बोट टेकवा, काही हलत नाही. थोड्या वेळाने चौकट येते: ॲप प्रतिसाद देत नाहीये, बंद करायचं की वाट बघायची? अशा वेळी बहुतेक जण फोनच्या रॅमला शिव्या घालतात. मी अँड्रॉइड ॲप्स बनवतो, त्यामुळे सांगतो, बऱ्याचदा दोष ॲप लिहिणाऱ्याचा असतो.

प्रत्येक ॲपमध्ये एक ‘मेन थ्रेड’ असतो. स्क्रीन रंगवणं आणि तुमचा टच ओळखणं ही कामं त्याच्याकडे. वडापावच्या गाडीवर एकटाच माणूस वडे तळतोय आणि पैसेही घेतोय असं समजा. तो तळणीत अडकला की रांग तिथेच थांबते. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगवली जाते, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर तर फक्त ८. तुमच्या टचला मेन थ्रेडने ५ सेकंद दाद दिली नाही, की अँड्रॉइड ती चौकट दाखवायला मोकळं.

उपाय सरळ आहे: जड काम दुसऱ्या थ्रेडवर ढकलायचं. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० पासून तर मेन थ्रेडवरून इंटरनेटला हात लावला की ॲप क्रॅशच होतं. त्यासाठी पूर्वी ‘असिंकटास्क’ वापरायचे. अँड्रॉइड ११ मध्ये गुगलने तो कालबाह्य ठरवला. आता आम्ही कोटलिनचे ‘कोरुटीन’ वापरतो: सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत फंक्शन थांबतं, पण थ्रेड अडकून पडत नाही. आयफोनवर हेच काम २०२१ पासून स्विफ्टचं ‘असिंक-अवेट’ करतं.

इथपर्यंत सोपं होतं. खरी डोकेदुखी पुढे आहे, कारण आता एकाच वेळी दोघं कामाला लागलेत.

समजा ॲपमध्ये ५०० रुपये शिल्लक अशी नोंद आहे. एका थ्रेडला १०० रुपये कॅशबॅक जमा करायचाय, दुसऱ्याला २०० रुपये वजा करायचेत. दोघांनीही एकाच क्षणी ५०० वाचले. पहिल्याने ६०० लिहिले, लगेच दुसऱ्याने त्यावर ३०० लिहिले. बरोबर उत्तर ४००, आणि कॅशबॅक गायब! याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. हँग निदान डोळ्यांना दिसतो, हा बग दिसत नाही. हजार वेळा सगळं नीट चालतं आणि एखाद्या वेळी क्रम बिघडतो, म्हणून ‘माझ्या फोनवर तर चालतंय’ या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही. इलाज म्हणजे ‘म्युटेक्स’, एक प्रकारचं कुलूप: एकाचं वाचून-लिहून पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने बाहेर थांबायचं. (दोघं एकमेकांच्या कुलपाची वाट बघत बसले तर वेगळाच घोळ होतो, तो परत कधीतरी.)

तुमच्या बँकेची शिल्लक फोनमध्ये नाही, सर्व्हरवर असते. पण दोन कामं एकाच वेळी धावण्याचा धोका तिथेही आहेच. ‘पे’ दाबलं, चक्र फिरत राहिलं, म्हणून तुम्ही पुन्हा दाबलं, तर दोन विनंत्या निघू शकतात. चांगलं ॲप पहिल्या टचलाच बटण बंद करतं. पण तेवढ्याने भागत नाही, कारण नेट कमजोर असेल तर ॲप स्वतःच तीच विनंती पुन्हा पाठवू शकतं. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा क्रमांक दिला जातो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर दुसऱ्यांदा पैसे कापत नाही.

आता बघा, वैतागून तुम्ही ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं आणि रक्कम नव्याने टाकली. क्रमांक नवा, म्हणजे सर्व्हरच्या लेखी व्यवहारही नवा. आणि आधी निघालेली विनंती ॲप बंद केल्याने परत येत नाही, ती कदाचित सर्व्हरवर पोचलेलीही असते. तेव्हा दुकानदार कितीही घाई करू दे, आधी व्यवहारांची यादी उघडून पहिल्याचं काय झालं ते बघा. तिथे ‘पेंडिंग’ दिसत असेल, तर तो निकाली निघेपर्यंत तीच रक्कम पुन्हा पाठवू नका.