हवा नेमकी कुठली मोजायची?

एप्रिल-मे म्हणजे हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीची गर्दी. याच दिवसांत इथल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते : "सकाळी गाडी मस्त पळती, दुपारी रांगेतून निघाली की पिकअपच घेईना." गिऱ्हाइकाला पेट्रोलमध्ये भेसळ दिसते, शिकाऊ पोराला प्लग गेलेले दिसतात. मुरलेला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी एवढंच विचारतो, "गाडी उन्हात किती वेळ उभी होती?"

या प्रश्नामागे बोटाच्या पेराएवढा एक भाग असतो, आयएटी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. आत थर्मिस्टर असतो. तापमान चढलं की त्याचा रोध उतरतो. एका नेहमीच्या प्रकारात 20 अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, तर 80 अंशांना जेमतेम सव्वातीनशे. या आकड्यावरून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवेचा हिशेब मांडतो. गरम हवा विरळ असते : 25 अंशांची हवा 45 वर गेली, तर तेवढ्याच दाबाला ती सुमारे 6 टक्के हलकी भरते. मग पेट्रोलही तेवढं कमी सोडायचं. शिवाय गरम हवेत इंजिन नॉकिंग, म्हणजे टकटक, करू नये म्हणून ठिणगी जरा उशिरा द्यायची. म्हणजे पिकअप गेलाच.

पडद्यामागची गंमत पुढे आहे. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्याच डबीत, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डवर थेट बसतो. गाडी उभी राहिली की मॅनिफोल्ड तापतो आणि सेन्सरचं अंगही. समजा, आत जाणारी हवा 50 अंशांची आहे आणि स्कॅनर दाखवतोय 70. ईसीएम हवा 6 टक्के कमी धरतो, पेट्रोल तोडतो आणि गाडी हुकते. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलची चूक सावरून घेतो, पण मागे सरकलेली ठिणगी त्याच्या हातात नसते. नर्सीच्या रस्त्याला लागून वारा मिळाला की आकडा आपोआप उतरतो. तोवर कुणीतरी प्लग साफ करून पैसे घेतलेले असतात!

एका जुन्या मिस्त्रींनी हे कोडं फडक्यानं सोडवलं. प्रीमियर पद्मिनीच्या काळात उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडायची, तेव्हा बॉनेटखालच्या पेट्रोलपंपावर ओलं फडकं टाकायचा रिवाज होता. 2000 साली भारत स्टेजचे निकष देशभर लागू झाले आणि कार्ब्युरेटर मागे पडत गेला, पण हाताची सवय टिकली. कनेक्टर वाचवून त्यांनी मॅनिफोल्डवर ओलं फडकं ठेवलं. हवा तीच, इंजिन तेच. स्कॅनरवरचा आकडा मात्र घसरू लागला. पोरं बघतच राहिली.

मग कंपनीवाल्यांना हे कळत नाही का? चांगलंच कळतं. सेन्सर एअर फिल्टरजवळ ठेवला तर मॅनिफोल्डच्या धगीपासून वाचतो, पण पुढच्या वाटेत हवा किती तापली ते त्याला दिसत नाही. टर्बो गाडीत तर हवा दाबली जाताना 100 अंशांच्या वर जाऊ शकते, म्हणून तिथं सेन्सर ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरनंतर लागतो. दोन सेन्सर एका डबीत घातले की एक भोक, एक कनेक्टर आणि खर्च वाचतो. उरलेली कसर सॉफ्टवेअर भरून काढतं : हवा संथ असेल तर कूलंटचं तापमानही हिशेबात धरायचं. उत्सर्जनाची नेहमीची चाचणी मात्र 20 ते 30 अंशांच्या खोलीत होते. हिंगोलीचं ऊन त्या खोलीत शिरत नाही.

हौशी पोरांचे किस्से वेगळेच. एकानं ऑनलाइन 'पॉवर चिप' मागवली. फोडून पाहिली तर आत एक साधा रेझिस्टर! तो सेन्सरच्या वायरीत बसवला की ईसीएमला भर मे महिन्यात थंडी वाजते. पेट्रोल जास्त, ठिणगी लवकर. चार दिवस गाडी झकास वाटली, मग अॅव्हरेज पडलं आणि चढावर इंजिन टकटक करू लागलं. दुसऱ्यानं सेन्सर उपटून जाळीमागे नेला आणि बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला. आकडा गार, इंजिनाच्या पोटात मात्र रेडिएटरची गरम हवा.

सेन्सर खरंच गेला का, हे ओळखायची रीत बिनखर्ची आहे. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी फक्त चावी ऑन करायची. आयएटी आणि कूलंट दोन्ही आकडे बाहेरच्या तापमानाशी जुळले, तर सेन्सर बहुधा ठणठणीत. मग बंपरमागे हात घालून फिल्टरला बाहेरची हवा देणारी नळी चाचपायची. बंपरचं काम झालं की ती परत बसवायची राहून जाते, आणि इंजिन बॉनेटखालचीच हवा ओढत बसतं.

पण गिऱ्हाईक नव्या पार्टचे पैसे बिनतक्रार देतं, शोधून काढण्याचे देत नाही. म्हणून चांगले सेन्सर भंगारात जातात, आणि तीच गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दारात येते.