पोटातली बुरशी कशी ओळखतात?



2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हे नाव गावोगाव पोचलं. नाक, डोळा, जबडा धरणारा तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. हीच बुरशी क्वचित कधी जठरात आणि आतड्यातही शिरते, हे आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बऱ्याच जणींना नवल वाटलं.

हिचे बीजकण मातीत, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात असतातच. आपण रोज त्यात हात घालतो, धडधाकट माणसाला काही होत नाही. पण साखर फार वाढलेली असेल, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल किंवा रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चालले असतील, तर ती रक्तवाहिन्यांत घुसते. रक्त तुटलं की तेवढा भाग मरतो आणि काळा पडतो. बुरशी स्वतः काळी नसते बरं का. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळालाही हिचा धोका असतो.

पोट दुखतं, फुगतं, उलटीत रक्त येतं, शी डांबरासारखी काळी होते. आता हे तर अल्सरमध्येही होतं. आतड्याच्या टीबीतही पोट दुखतं, फुगतं. घोळ होतो तो इथंच. सीटी स्कॅनमध्ये आतड्याची भिंत जाड दिसते, पण ती कशानं हे कळत नाही. इतर काही बुरशा रक्त तपासून कळतात, ही त्यात सहसा सापडत नाही. म्हणून दुर्बीण घालून जखमेचा तुकडा काढतात. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती मनातून काढा. सूक्ष्मदर्शकाखाली फितीसारखे रुंद तंतू मांसात, रक्तवाहिनीत शिरलेले दिसले की निदान पक्कं.

पुष्कळदा तुकड्याची बाटली नातेवाइकांच्याच हाती देतात. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग ती लॅबमध्ये वाढवून बघता येत नाही. त्यासाठी दुसरा तुकडा सलाइनच्या बाटलीत लागतो. बुरशीची शंका असेल तर "दोन बाटल्या आहेत ना?" असं डॉक्टरांना विचारा, आणि बाटल्या त्याच दिवशी पोचवा. साखर किती आहे, सांधेदुखीवर कुणाकडून पुड्या किंवा इंजेक्शनं घेतली होती का, तेही सांगा. त्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं.

लॅबमध्ये बुरशी वाढायला काही दिवस लागतात, कधी ती वाढतच नाही. म्हणून तंतू दिसले की डॉक्टर त्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत, अँफोटेरिसिनचं इंजेक्शन सुरू करतात आणि शक्य असेल तिथं मेलेला भाग ऑपरेशन करून काढतात.