झाडीपट्टीतलं तिबेट: नॉर्ग्येलिंग

हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोकांकडून स्वेटर घेतलंय ना? मग ही वस्ती तुम्हाला माहीत असायलाच हवी. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडजवळ आहे नॉर्ग्येलिंग. १९५९ मध्ये दलाई लामांपाठोपाठ हजारो तिबेटी भारतात आले. त्यांच्यातल्या काही कुटुंबांची ही वसाहत १९७२ मध्ये उभी राहिली. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये, म्हणून तिबेटी लोक आजही तिला 'भंडारा'च म्हणतात.

मला थक्क करतं ते त्यांचं शेतीतलं धाडस. चार हजार मीटर उंचीवरच्या थंडीत वाढलेली, जव पिकवणारी, याक राखणारी माणसं आपल्या विदर्भाच्या उन्हात येऊन धानाच्या बांधीत चिखलात उतरली! पण पोट नुसत्या धानावर भरत नाही. म्हणून कापणी झाली की कितीतरी घरं लुधियानाचे लोकरी कपडे घेऊन शहरोशहरी दुकानं मांडतात, थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. परततात ते लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला. तेव्हा गोम्पा, म्हणजे त्यांचा बौद्ध मठ, गजबजतो. आता तरुण पोरं शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडतायत, काही परदेशी स्थिरावलीत.

नवेगावबांधला जाणाऱ्यांनो, इटियाडोह धरण बघाल तेव्हा इथेही थांबा. गोम्पात चपला बाहेर काढा, प्रार्थनाचक्रं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा आणि म्हाताऱ्या आजी-आजोबांशी निवांत बोला.