शेगडीवरची जाळी डुगडुगते? तीन बोल्ट पुरेत
बकरी ईदच्या संध्याकाळी अंधेरी, घाटकोपर, कुर्ल्यात कंपाउंडमध्ये कोळशाच्या शेगड्या पेटतात. जाळी डुगडुगली की आपण खाली विटेचा तुकडा सरकवतो. पण ती कलंडली तर कुर्बानीचं गोश्त राखेत जातं आणि निखारे भोवती जमलेल्या मुलांच्या पायांवर पडतात.

आधी बघा, शेगडी जमिनीवर हलते की जाळी शेगडीवर? शेगडी हलत असेल तर सपाट जागी ठेवा. जाळी हलत असेल तर बहुतेक वेळा ती किंवा पत्र्याची कड तापून वाकलेली असते. वाकडी वस्तू चार टेकूंवर डुलते, तीनवर नाही. भूमितीत आम्ही हेच शिकवतो. तिपाई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही.

थंड शेगडीचा घेर दोरीने मोजून तीन सारखे भाग करा. कडेपासून दोन इंच खाली, एकाच उंचीवर तीन भोकं पाडून घ्या. स्टेनलेस स्टीलचे लांब बोल्ट आत येतील असे नटने कसा आणि त्यांवर जाळी ठेवा. वरची कड तिला सरकू देत नाही. जाळी थोडी सैल हवी, कारण लोखंड तापल्यावर पसरतं. जड तुकडे मधोमध ठेवा. दोन बोल्टांमधल्या काठावर वजन पडलं तर जाळी उलटू शकते.

जस्ताचा मुलामा असलेली तार किंवा जाळी वापरू नका. खूप तापली की तिचा धूर अपायकारक असतो. बंद खोलीत किंवा बंद गॅलरीत कोळसा पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोणाला भाजलंच तर लगेच वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद लावू नका.