वाळलेल्या थेंबातली प्रथिनं

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी रक्ताचा नमुना घेणं अवघड नसतं, अवघड असतं तो पुढे पाठवणं. नळीतलं रक्त बर्फाच्या डब्यात जपत मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत न्यायचं, तेही मराठवाड्याच्या मे महिन्यात!

यावरचा जुना आणि कमालीचा साधा उपाय म्हणजे जाड फिल्टर पेपर. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळांच्या टाचेतलं रक्त कागदावर टिपून जन्मजात विकार शोधण्याची पद्धत १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे २०१० पासून एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांची तपासणीही अशाच कागदावर होऊ लागली. बाळ सहा आठवड्यांचं झालं की टाचेच्या कडेला टोचतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब कागदावरच्या वर्तुळांत आरपार मुरू देतात. कागद सावलीत काही तास वाळवून, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पिशवीत बंद करतात. सोबतच्या कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी झाले, तर आत ओल शिरली असं समजायचं. पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी पुण्यातली संस्था हे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांपैकी एक.

तिथे विषाणूचा जनुकीय अंश शोधला जातो. प्रथिनांचं मोजमाप मात्र अधिक किचकट. मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रासाठी प्रथिनांचे आधी लहान तुकडे करावे लागतात. ते काम ट्रिप्सिन करतं, म्हणजे आपल्या स्वादुपिंडातून येणारं, अन्न पचवणारं विकर. लायसिन आणि अर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी ते साखळी कापतं. प्रयोगशाळेत यासाठी नमुना अनेकदा रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात.

नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी हे ट्रिप्सिन थेट कागदावरच पक्कं बसवलं. थेंब पडला की कापणी सुरू! नमुना प्रयोगशाळेत पोहोचतो तो तुकडे होऊनच. कोणता तुकडा कोणत्या प्रथिनाचा हे ठाऊक असल्याने त्यावरून मूळ प्रथिनाचं प्रमाण काढता येतं. ही कल्पना फार मोलाची आहे, कारण प्रयोगशाळेतला एक वेळखाऊ टप्पा ती नमुना घेण्याच्या जागीच उरकते.

पण विकराला कामासाठी ओल लागते. मेमध्ये थेंब झटकन सुकेल, श्रावणात रेंगाळेल. मग दोन्ही वेळची कापणी सारखी होईल का? दुसरी अडचण रक्ताचीच. रक्तक्षय असलेल्या माणसाचं पातळ रक्त कागदावर जास्त पसरतं, त्यामुळे तपासणीसाठी कागदातून कापलेल्या ठरावीक मापाच्या चकतीत ते कमी भरतं आणि आकडा चुकू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणूनच असा कागद इथे वापरायचा, तर त्याची पारख ऑस्लोच्या हवेत करून भागणार नाही. ती मराठवाड्याच्या उन्हापावसात, इथल्या बायकांच्या रक्तावरच करावी लागेल.