क्वांटम कॉम्प्युटरची खरखर मोजतात कशी?

किनवटहून बोलतोय.

एपिसोड सुरू करण्याआधी मी दहा सेकंद गप्प बसतो आणि नुसती खोली रेकॉर्ड करतो. पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा मिक्सर. खरखर किती आहे ते कळलं, तरच ती काढता येते. क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांचंही हेच दुखणं आहे.

त्यांचा ‘नॉइज’ मात्र कानाला ऐकू येत नाही. थोडीशी उष्णता, भरकटलेली विद्युतचुंबकीय लहर, चिपमधला बारीक दोष... क्युबिटची अवस्था बिघडवणारं सगळं म्हणजे नॉइज. म्हणून सुपरकंडक्टिंग चिप उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ थंड ठेवतात. तरीही नॉइज उरतोच.

मग मोजायचा कसा? पहिली पद्धत सोपी. क्युबिट १ वर ठेवा, थोडं थांबा, वाचा. हजारो वेळा करा, दर खेपेला थांबायचा वेळ वाढवत न्या. १ सापडण्याचं प्रमाण किती लवकर घसरतं, त्यावरून क्युबिट किती टिकतो ते कळतं. हा वेळ बहुतेकदा मायक्रोसेकंदांत असतो, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत!

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. शाळेच्या मैदानावर मित्राचे डोळे रुमालानं बांधा. चार पावलं पुढं, डावीकडं वळ, दोन पावलं... हुकूम कसेही द्या, पण शेवटचा हुकूम असा की तो निघाला तिथंच परत यावा. दहा हुकमांनंतर तो जवळपास येईल. शंभरांनंतर? भलतीकडंच! क्युबिटलाही अशाच यादृच्छिक क्रिया देतात, शेवटी सगळं उलटवणारी एक क्रिया देतात आणि तो मूळ जागी आला का ते बघतात. यादी लांबवत नेली की यश घसरतं. त्या घसरणीवरून एका क्रियेमागं सरासरी चूक किती, ते निघतं. वाचतानाची चूक यादी लहान असो की मोठी, सारखीच असते. म्हणून ती हिशोबात लुडबुड करत नाही.

आता गंमत बघा. ९९ टक्के म्हणजे परीक्षेत भारी मार्क. पण प्रत्येक क्रिया ९९ टक्के अचूक असेल, तर सलग १०० क्रिया बिनचूक होण्याची शक्यता उरते फक्त ३७ टक्के. ९९.९ टक्के असेल तर? ९० टक्के! फरक एका दशांशाचा, पण खेळच बदलतो.

आपल्याकडंही हे काम चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओनं ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. क्युबिट मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बनले, नियंत्रणाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्याच्या प्रयोगशाळेनं जुळवली, क्लाउडचा भाग टीसीएसचा.

सहाच क्युबिट म्हणून नाक मुरडू नका. आयबीएमनं डिसेंबर २०२३ मध्ये ११२१ क्युबिटची ‘कॉन्डोर’ चिप दाखवली, पण नव्या यंत्रात बसवली १३३ क्युबिटची ‘हेरॉन’. कारण तिच्या चुका कमी.

म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर ‘इतक्या क्युबिटचा विक्रम’ अशी बातमी आली, की फॉरवर्ड करण्याआधी एकच विचारा: एका क्रियेमागं चूक किती? तो आकडा बातमीत नसेल, तर बातमी अर्धीच आहे.

भेटू पुढच्या भागात!